पेचकसांची पारख

कार्यशाळेतील हत्यारांची यादी करावयास बसले, तर लेथ, छिद्रे पाडण्याचे यंत्र, व्हाइस, पाने, कानशी यांची नावे प्रथम सुचतात. पेचकस बहुधा शेवटी आठवतो. पुस्तकात पेचकस, कारखान्यात स्क्रू-ड्रायव्हर आणि मुंबईच्या अनेक गाळ्यांत डिसमिस या नावाने ओळखले जाणारे हे हत्यार किमतीने लहान असते, आणि किंमत लहान म्हणून ते घेताना विचारही थोडाच केला जातो. दुकानात टांगलेल्या चकचकीत पाकिटातील नग मोजावेत, जेथे नग अधिक तो संच घ्यावा, हीच सर्वसाधारण रीत आहे. काही महिन्यांतच त्यांतील निम्म्या पेचकसांची टोके गोल होतात, काहींच्या मुठी दांड्यावर फिरू लागतात आणि उरलेल्यांना आपल्या कामाचा एकही स्क्रू सापडत नाही.

हानी एवढीच असती, तर या विषयावर स्वतंत्र प्रकरण लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु वाईट पेचकस स्वतः बिघडतो तो दुसऱ्याला बिघडवूनच. समजा, शेतावरील पंपाच्या मोटारीचे एक टोक जळाले आहे आणि जोडपेटीचे झाकण चार स्क्रूंनी बसविलेले आहे. तीन स्क्रू निघतात. चौथ्याच्या खाचेत टोक दोनदा घसरते, खाचेच्या कडा मोडतात आणि मग कोणत्याही पेचकसाला तेथे पकड मिळत नाही. आता त्या स्क्रूचे डोके छिद्र पाडून उडवावे लागते, आत अडकलेला तुकडा काढावा लागतो, प्रसंगी आटे नव्याने पाडावे लागतात. दहा मिनिटांचे काम अर्ध्या दिवसावर जाते आणि तेवढ्यात पाण्याची पाळी निघून जाते. घसरलेले टोक दुसऱ्या हाताच्या तळव्यात शिरले, तर हानी याहून मोठी. यास्तव कोणता पेचकस घ्यावा हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात सांगता येते: चांगला पेचकस म्हणजे आपल्या स्क्रूच्या खाचेत पूर्ण बसणारा आणि जोर दिला असता तसाच बसून राहणारा पेचकस. पोलादाची जात, मुठीचा आकार, नगांची संख्या या सर्व गोष्टींचे मोल या एका कसोटीवरच ठरते. ते कसे, हे आता क्रमाने पाहू.

खाचेत काय घडते

पेचकसाची मूठ आपण फिरवितो तेव्हा हाताचा जोर मुठीच्या पृष्ठभागावर पडतो. मुठीचा व्यास ३० मिलिमीटर आहे आणि हाताने तिच्या कडेवर १०० न्यूटन, म्हणजे सुमारे १० किलोग्रॅम वजनाइतका जोर लावला आहे, असे धरू. मुठीची त्रिज्या १५ मिलिमीटर. म्हणून दांड्यात उत्पन्न होणारा पीळ १.५ न्यूटन-मीटर होईल. हाच पीळ दुसऱ्या टोकाशी खाचेच्या दोन बाजूंवर परस्परविरुद्ध दाबांच्या रूपाने पोहोचतो. टोक ६.५ मिलिमीटर रुंद असेल आणि हे दोन दाब एकमेकांपासून सुमारे ५ मिलिमीटर अंतरावर पडत असतील, तर प्रत्येक बाजूवर ३०० न्यूटन जोर येतो. त्याच खाचेत ४ मिलिमीटर रुंदीचे टोक घातले, तर हे अंतर जेमतेम ३ मिलिमीटर राहते आणि प्रत्येक बाजूवरील जोर ५०० न्यूटन होतो. हात तोच, स्क्रूही तोच. पण खाचेच्या कडेवर पडणारा भार दीडपटीहून अधिक वाढला.

टोक जाडीने कमी असले, तर आणखी एक दोष उद्भवतो. सैल टोक खाचेत तिरके होते आणि त्याचा सपाट भाग खाचेच्या भिंतीला टेकण्याऐवजी केवळ दोन तीक्ष्ण कडा टेकतात. एवढा मोठा जोर तेवढ्या अरुंद रेषेवर आला, की सामान्य मऊ पोलादाचा अथवा पितळेचा स्क्रू तो सहन करू शकत नाही. कार्ब्युरेटरमधील पितळी जेट काढताना त्यांच्या खाचा वारंवार बिघडतात, याचे कारण जेट नाजूक असतो एवढेच नसून हाताशी आलेला कोणताही पेचकस तेथे चालविला जातो, हेही असते.

उलटपक्षी, टोक खाचेपेक्षा रुंद असून चालत नाही. बुडीव डोक्याच्या स्क्रूबाहेर आलेले टोक भोवतालच्या लाकडावर अथवा पत्र्यावर वर्तुळाकार ओरखडे काढते. तेव्हा नियम असा, की टोकाची रुंदी खाचेच्या लांबीइतकी, किंबहुना तिच्यापेक्षा किंचित कमी असावी आणि जाडी खाचेत हाताने सहज शिरेल, पण हलविले असता खुळखुळणार नाही इतकी असावी.

सपाट टोकाची ही मापे आंतरराष्ट्रीय मानकांनी ठरविलेली आहेत, आणि चांगल्या पेचकसाच्या मुठीवर अथवा दांड्यावर जाडी व रुंदी हे दोन्ही आकडे कोरलेले असतात. मेट्रिक आट्यांच्या नेहमीच्या स्क्रूंत ३ मिलिमीटर व्यासाच्या स्क्रूला ०.८ × ४ मिलिमीटरचे, ४ मिलिमीटरच्या स्क्रूला १.२ × ६.५ मिलिमीटरचे, ५ मिलिमीटरच्या स्क्रूला १.२ × ८ मिलिमीटरचे आणि ६ मिलिमीटरच्या स्क्रूला १.६ मिलिमीटर जाडीचे, ८ अथवा १० मिलिमीटर रुंदीचे टोक लागते. बाजारात मात्र पेचकसाची ओळख पुष्कळदा केवळ दांड्याच्या लांबीने दिली जाते. ‘सहा इंची द्या’ असे म्हणून घेतलेला पेचकस कोणत्या खाचेत बसेल, हे त्या सहा इंचांवरून मुळीच कळत नाही.

आपल्या देशात मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला. त्यापूर्वीची, आणि त्यानंतरही बराच काळ जुन्या आराखड्यांवर बनत राहिलेली अनेक यंत्रे अद्याप कामात आहेत. त्यांचे स्क्रू इंची मापांचे असल्याने वर दिलेले कोष्टक त्यांना नेमके लागू पडत नाही. शिवणयंत्राचे उदाहरण घ्यावे. त्याचे स्क्रू लहान व कठीण, त्यांच्या खाचा उथळ व अरुंद. पाचरीसारखे निमुळते टोक त्यांत तळापर्यंत पोहोचत नाही. वरच्या कडेवरच अडकते आणि जोर देताच बाहेर चढते. अशा खाचेसाठी ज्याच्या दोन्ही सपाट बाजू टोकाजवळ एकमेकींना समांतर घासलेल्या आहेत असाच पेचकस हवा.

एका खाचेपासून अनेक खाचांकडे

वाचकांच्या मनात येथे एक रास्त शंका येईल. एकाच कामासाठी स्क्रूंच्या डोक्यांचे इतके प्रकार मुळात निर्माण का झाले? त्याचे उत्तर कारखानदारीच्या इतिहासात आहे.

सरळ खाच करावयास सर्वांत सोपी. करवतीच्या एका फेऱ्यात ती पडते. म्हणून शतकानुशतके तिचेच राज्य चालले. तिच्यात टोक मध्यावर आपोआप येत नाही आणि ते बाजूने घसरून जाऊ शकते, हा तिचा दोष. पण कारागीर सावकाश, हाताने काम करीत होता तोवर तो खपून गेला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मोटारगाड्या मोठ्या संख्येने बनू लागल्या आणि यंत्रशक्तीने फिरणारे पेचकस आले, तेव्हा हा दोष असह्य झाला. कॅनडातील पीटर लिंबर्नर रॉबर्टसन याने १९०८ साली चौकोनी खळग्याचा स्क्रू तयार केला आणि १९०९ साली त्याचे एकस्व मिळविले. पुढे अमेरिकेतील ऑरेगॉन राज्याच्या पोर्टलंड शहरातील हेन्री फिलिप्स याने जॉन थॉम्प्सन याच्या मूळ कल्पनेवरून अधिकाराचा आकार असलेला स्क्रू विकसित केला. त्याची एकस्वे १९३६ साली नोंदली गेली. अधिकाच्या चारही भुजा आत निमुळत्या होत गेल्यामुळे टोक पाहता पाहता मध्यावर येऊन बसते. मोटारींच्या कारखान्यांना नेमके हेच हवे होते.

परंतु ज्या उतारामुळे टोक आत सहज जाते, त्याच उतारावरून ते बाहेरही येते. पीळ वाढला, की त्याचा काही अंश टोकाला मागे ढकलण्यात खर्च होतो. म्हणून फिलिप्स पद्धतीचा स्क्रू सोडविताना फिरविण्याबरोबरच दाबणेही आवश्यक असते. हा उणेपणा घालविण्यासाठी १९६० नंतरच्या दशकात पोझिड्राइव्ह हा सुधारित प्रकार आला. त्याच्या भुजांच्या बाजू जवळजवळ समांतर असतात, आणि त्याच्या डोक्यावर मुख्य अधिकाच्या भुजांमध्ये तिरक्या अशा चार बारीक रेघा असतात. ही खूण ध्यानात ठेवावी, कारण फिलिप्सचे टोक पोझिड्राइव्हच्या खळग्यात शिरते, पण बसत नाही. आणि शिरणे व बसणे यांतील अंतरातच स्क्रूचा नाश होतो.

आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा असा आणखी एक प्रकार आहे. जपानी मानकानुसार बनविलेला अधिकाकार खळगा फिलिप्सहून किंचित निराळा असतो. हा फरक डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. डोक्यावर एक बारीक ठिपका असणे, ही त्याची बहुधा आढळणारी खूण. १९८४ साली हीरो होंडा कंपनी स्थापन झाली, तिची पहिली मोटारसायकल १९८५ मध्ये रस्त्यावर आली, आणि त्या सुमारास इतरही जपानी आराखड्यांची दुचाकी वाहने आपल्याकडे बनू लागली. त्यांच्याबरोबर हे स्क्रूही लहानमोठ्या गावांतील दुरुस्तीच्या दुकानांत पोहोचले. इंजिनाच्या बाजूच्या झाकणाचे स्क्रू ‘फारच मऊ असतात’ अशी तक्रार तेव्हापासून ऐकू येते. पुष्कळ ठिकाणी दोष धातूचा नसून टोकाचा असतो. जपानी मानकाचे टोक असलेला एक २ क्रमांकाचा आणि एक ३ क्रमांकाचा पेचकस दुचाकीच्या कारागिराने अवश्य बाळगावा. हे टोक फिलिप्सच्या स्क्रूतही सामान्यतः चालते. उलट मात्र तसे होत नाही.

याखेरीज सहा कोनांचा खळगा आणि १९६७ साली विकसित झालेला, सहा पाकळ्यांच्या ताऱ्यासारखा टॉर्क्स खळगा हे प्रकार आधुनिक यंत्रांत व घरगुती उपकरणांत आढळतात. त्यांच्या भिंती उभ्या असल्यामुळे टोक मागे ढकलले जात नाही. ज्यांना अशी यंत्रे हाताळावी लागतात त्यांनीच त्यांचा संच घ्यावा.

पोलाद आणि त्याचे पाणी

स्क्रूपेक्षा टोक कठीण असले पाहिजे, हे उघड आहे. परंतु केवळ काठिण्य पुरत नाही. काचेइतके कठीण टोक पहिल्याच झटक्यासरशी तुटून उडेल. मऊ टोक पिळले जाईल. काठिण्य आणि चिवटपणा या दोहोंचा मेळ पोलादाच्या घडणीवर आणि त्याला दिलेल्या पाण्यावर अवलंबून असतो. पोलाद लाल होईपर्यंत तापवून तेलात अथवा पाण्यात विझविले, की ते कठीण पण ठिसूळ होते. पुन्हा बेताने तापविले, की थोडे काठिण्य सोडून चिवटपणा धारण करते. हे दुसरे तापविणे जेथे घाईने उरकले जाते, तेथे एकाच पेटीतील दोन पेचकसांपैकी एक वाकतो व दुसरा तुटतो.

चांगले पेचकस सामान्यतः क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचे असतात. वारंवार झटके सहन करावी लागणारी टोके सिलिकॉनयुक्त धक्कारोधक पोलादाचीही करतात. मात्र दांड्यावर कोरलेली अक्षरे म्हणजे गुणवत्तेचे प्रमाण नव्हे. उत्तम पोलाद वाईट रीतीने तापविले, तर ते सामान्य पोलादाहून निकृष्ट ठरते. टोकाच्या परीक्षेची कारागिराची जुनी रीत अशी: बारीक दातांची नवी कानस टोकाच्या कडेवरून एकदा हलक्या हाताने फिरवावी. ती लोण्यात फिरावी तशी सहज कापू लागली, तर टोक मऊ आहे. ती बहुतांशी घसरली आणि जेमतेम चरा उमटला, तर टोकाला पाणी योग्य आहे. दुकानदार अशी परीक्षा करू देणार नाही. म्हणून संपूर्ण संच घेण्यापूर्वी त्याच बनावटीचा एक सुटा नग घेऊन तो घरी पारखावा.

चकाकीविषयीही दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. क्रोमचा मुलामा दांड्याला गंजापासून वाचवितो. पण टोकावर त्याचा थर बसला, की माप बदलते, आणि तो पुढे सोलून निघाला, की टोक खडबडीत होते. म्हणून अनेक जाणते उत्पादक टोकाचा शेवटचा भाग मुलाम्याशिवाय, काळसर ठेवतात. न चमकणारे टोक पाहून ग्राहकाने नाक मुरडू नये. ते पुष्कळदा काळजीचेच लक्षण असते.

मूठ व दांडा

आपण वर मुठीची त्रिज्या धरून हिशेब केला. त्यावरून हे स्पष्ट होते, की पीळ मुठीच्या जाडीने वाढतो, दांड्याच्या लांबीने नव्हे. लांब पेचकसाने अधिक जोर येतो हा समज सार्वत्रिक आहे; पण लांब दांड्याला कारखानदार बहुधा मोठी मूठ बसवितो आणि लांबीमुळे पेचकस स्क्रूच्या रेषेत सरळ धरणे सोपे जाते, एवढेच त्यातील तथ्य. अडचणीच्या जागी दांडा २५ ते ४० मिलिमीटर लांबीचा, बुटका हवा. इतरत्र १०० ते १५० मिलिमीटर पुरे. खोल जागेसाठी एखादा २०० मिलिमीटरचा.

पूर्वी मुठी लाकडाच्या असत. लाकूड हाताला सुखद, परंतु उन्हाने व तेलाने त्याला चिरा जातात. नंतर सेल्युलोज ॲसिटेटच्या, काचेसारख्या पारदर्शक मुठी आल्या. त्या चिवट असतात आणि तेलाला दाद देत नाहीत. मात्र ॲसिटोन व काही थिनर यांच्या संपर्काने त्या चिकट होतात. अलीकडच्या मुठींवर रबरासारखे मऊ आवरण असते. घामट हातांना ते बरे. पण आवरण आतील कठीण गाभ्याशी नीट जोडलेले नसेल, तर काही दिवसांनी मोज्यासारखे फिरू लागते. मुठीचा मागचा भाग गोलसर असावा, म्हणजे तळव्याने दाबता येते. ती जमिनीवर ठेवली असता घरंगळू नये, इतपत तिला कंगोरे असावेत.

दांडा मुठीत किती खोल गेला आहे व तेथे तो कसा अडविला आहे, हे पारदर्शक मुठीत दिसते. आत दांड्याला चपटे पंख काढलेले असावेत. काही जड पेचकसांत दांडा मुठीच्या आरपार जाऊन मागे लोखंडी टोपीत संपतो. हातोडीचा हलका ठोका सहन करणारे पेचकस तेवढेच. इतर पेचकस छिन्नी म्हणून वापरणे म्हणजे त्यांचा शेवट जवळ आणणे होय. तसेच, पाना लावता यावा म्हणून काही दांड्यांचा मुठीजवळचा भाग षट्कोनी असतो. जाम झालेल्या स्क्रूसाठी असा एक पेचकस संग्रही असावा.

दुकानात करावयाच्या परीक्षा

दुकानात जाताना आपल्या नित्याच्या कामातील आठदहा स्क्रू खिशात घेऊन जावेत. याहून उपयुक्त उपकरण नाही. पेचकस आडवा धरून टोकावर स्क्रू बसवावा. अधिकाकार टोक नेमके असेल, तर स्क्रू चुंबकाशिवायही तेथे टिकतो अथवा निदान फारसा डुलत नाही. सपाट टोक खाचेच्या तळाला टेकते की नाही, हे उजेडाकडे धरून पाहावे.

नंतर दांड्याचा सरळपणा पाहावा. दुकानाच्या टेबलावरील काचेवर दांडा ठेवून मूठ कडेबाहेर ठेवावी आणि दांडा सावकाश फिरवावा. खालून प्रकाशाची फट उघडमीट करीत असेल, तर दांडा वाकडा आहे. सपाट टोकाची कड दांड्याशी काटकोनात असावी, तिचे दोन्ही कोपरे सारखे असावेत. अधिकाकार टोकाच्या चारही भुजा सारख्या उंचीच्या असाव्यात आणि त्यांच्यामधील खाचांत धातूचे कंगोरे राहिलेले नसावेत.

शेवटी खुणा वाचाव्यात. १९४७ साली स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने, म्हणजे १९८७ पासूनच्या भारतीय मानक ब्यूरोने, पेचकसांसाठी आय.एस. ८४४ हे मानक निश्चित केले आहे. हत्यारे बनविण्याचा उद्योग आपल्या देशात पंजाबातील जालंधर व लुधियाना, राजस्थानातील नागौर अशा केंद्रांत वाढला. जालंधरला १९८३ साली हत्यारांसाठी एक केंद्रीय संस्थाही स्थापन झाली. तेव्हा चांगला पेचकस परदेशीच असला पाहिजे, ही समजूत सोडून द्यावी. देशी हत्यारांत उत्तम आणि निकृष्ट दोन्ही आहेत. निवड करणाऱ्याची नजर तेवढी तयार हवी.

संच किती नगांचा असावा?

पाकिटावरील संख्या विसरून आपल्या कामाची मोजणी करावी. एक आठवडाभर, जो स्क्रू हाताळला त्याचा प्रकार व माप वहीत टिपावे. बहुतेक लहान कार्यशाळांत असे आढळेल, की नव्वद टक्के नसले, तरी बरेचसे काम चारपाच टोकांनीच होते. अधिकाकार स्क्रूंत १ क्रमांकाचे टोक २.५ व ३ मिलिमीटरच्या स्क्रूंना, २ क्रमांकाचे ३.५ ते ५ मिलिमीटरच्या स्क्रूंना आणि ३ क्रमांकाचे ६ मिलिमीटरच्या स्क्रूंना लागते. यांतील २ क्रमांकाचे टोक सर्वांत अधिक राबते, म्हणून त्याचे दोन नग घ्यावेत.

साध्या दुरुस्तीच्या कार्यशाळेसाठी पुढील नऊ नग पुरेसे ठरावेत: सपाट टोकांत ०.५ × ३, ०.८ × ४, १ × ५.५, १.२ × ६.५ आणि १.६ × १०. अधिकाकार टोकांत १, २ आणि ३. आणि २ क्रमांकाचा एक बुटका. पोझिड्राइव्ह, जपानी मानक, टॉर्क्स इत्यादी टोके वहीतील नोंदींनी मागितली तरच घ्यावीत. क्वचित लागणाऱ्या टोकांसाठी एक चांगली मूठ आणि तिच्यात बदलून बसविण्याची सुटी टोके हा मार्ग काटकसरीचा आहे. रोजच्या कामाला मात्र अखंड दांड्याचा पेचकसच अधिक भरवशाचा.

ज्याच्याजवळ एकदम पैसे नाहीत त्याने संचाचा हट्ट धरू नये. पहिल्या महिन्यात दोन चांगले नग घ्यावेत, पुढे एकेक वाढवीत जावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणाने अशा रीतीने जमविलेले नऊ पेचकस, एका फटक्यात घेतलेल्या तीस नगांपेक्षा अधिक काळ त्याची सोबत करतील.

विजेचे काम

विजेच्या कामाचा विचार वेगळा करावा लागतो. सामान्य पेचकसाची प्लास्टिकची मूठ म्हणजे विजेपासून संरक्षण, असे समजणे धोक्याचे आहे. तिची तशी चाचणी झालेली नसते आणि दांडा तर उघडाच असतो. विजेच्या कामासाठी दांड्यावरही टोकापर्यंत आवरण असलेला, १००० व्होल्टपर्यंतच्या कामासाठी चाचणी केलेला पेचकस मिळतो. त्यावर दोन त्रिकोणांची खूण व १००० व्होल्ट हा आकडा छापलेला असतो. आवरणाला चीर गेली, की तो विजेच्या कामातून बाद करावा. असा पेचकस हाती असतानाही प्रवाह बंद करूनच काम करणे हा पहिला नियम होय. पेचकस ही दुसरी तटबंदी आहे.

निऑन दिव्याचा टेस्टर हा पेचकस नव्हे. त्याच्या टोकाचा आकार पाहून त्याने स्क्रू पिळण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. त्याचा बारीक दांडा व पोकळ मूठ पीळ सहन करण्यासाठी केलेली नसतात. मुठीला तडा गेला, की पुढच्या वेळी प्रवाह तपासताना बोट नेमके कोठे पडेल, याचा भरवसा राहत नाही.

जतन

सपाट टोक झिजले, तर ते पुन्हा घडविता येते. सहाणेच्या चाकावर दोन्ही बाजू समान घासाव्यात, कड काटकोनात ठेवावी आणि टोक वारंवार पाण्यात बुडवावे. टोकावर निळा रंग चढला, की ते सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले आणि त्याचे पाणी उतरू लागले, असे समजावे. अधिकाकार टोक मात्र कार्यशाळेत पुन्हा घडविता येत नाही. त्याच्या भुजा गोल झाल्या, की ते मोडीत काढावे. येथे काटकसर करणारा प्रत्येक स्क्रूमागे तिची किंमत मोजतो.

जाम झालेल्या स्क्रूवर बळ वाढविण्यापूर्वी खाचेतील रंग व माती टोकदार सळईने काढावी, गंज सुटणारे तेल सोडून थांबावे, आणि मग टोक पूर्ण बसवून, दाबून, सावकाश फिरवावे. टोक घसरू लागले, की तत्क्षणी थांबावे. खाच अर्धी शाबूत असताना दुसरा उपाय करता येतो, पूर्ण मोडल्यावर नाही. लहान वस्तू हातात धरून कधीही सोडवू नये. ती व्हाइसमध्ये पकडावी, म्हणजे घसरलेल्या टोकाच्या वाटेत तळवा येत नाही.

पेचकस टांगून ठेवण्यासाठी भिंतीवरील फळीला छिद्रे पाडून प्रत्येकाखाली त्याचे माप लिहावे. रिकामे छिद्र संध्याकाळी चटकन नजरेस भरते. त्याहून मोठा लाभ असा, की कामास लागणारा नवखा मुलगा माप वाचून हत्यार उचलावयास शिकतो. ‘तो लाल मुठीचा दे’ असे सांगण्याऐवजी ‘१.२ × ६.५ चा दे’ असे जेथे सांगितले जाते, तेथे खाचा क्वचितच बिघडतात.